पात्यावरचा चौकोन

दुपारी दोन वाजता आम्ही हॉलमध्ये अंधार केला. नोव्हेंबरात कॉव्हेंट्रीला उजेड असा असतो तरी कितीसा, पण डॉक्टर ग्रेनव्हिल या बाबतीत अगदी सोवळ्यातले. फटीतून एक रेघ जरी उजेड आत आला तरी त्यांना चालत नाही. चर्चच्या त्या भाड्याच्या हॉलच्या चारही खिडक्यांना त्यांनी काळं कापड चिकटपट्टीनं लावलं, टेबलावर साठ वॉटचा एकच साधा बल्ब पेटवला आणि म्हणाले, "सरकार हे बल्ब बंद करणार म्हणतंय. मी दोनशे घेऊन ठेवलेत. मरेपर्यंत पुरतील."

एरवी मी हसले असते. पण माझं लक्ष टेबलावरच्या लांबोळक्या रेशमी पिशवीकडे होतं.

ग्रेनव्हिल निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांच्या दातांतले बारीक खड्डे शोधले, आता तलवारींतले शोधतात. मी अरुणा टिपणीस, तेव्हा वय साठ. इथल्याच एका अवजारांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं पोलाद तपासलं आणि त्यातूनच जपानी तलवारींचा नाद लागला. आमचं तीस-पस्तीस नादिष्टांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा मंडळ एखाद्या पॉलिशवाल्याची परीक्षा घेतं आणि पास झाला तर त्याला आपल्या मान्य कारागिरांच्या यादीत घेतं. त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, परीक्षक आम्ही दोघं होतो. दोघांचंही 'हो' लागतं. एकाचं 'नाही' आलं की माणूस यादीबाहेर.

पॉलिश म्हटलं की लोकांना चकाकी आठवते आणि माझं डोकं फिरतं. चकाकी कोणीही आणतं, ती पितांबरीनंही येते. जपानी तलवारीचं पॉलिश म्हणजे एकाहून एक बारीक दगडांवर पातं आठवडेच्या आठवडे घासायचं आणि शेवटी अंगठ्याखाली नखाएवढी दगडाची चकती धरून इंच इंच पुढे सरकायचं. तेव्हा कुठे लोहारानं पोलादात काय करून ठेवलंय ते दिसायला लागतं. यात दर वेळी थोडं पोलाद जातं, आणि गेलेलं काही परत येत नाही. म्हणून परीक्षा करताना पहिला प्रश्न हाच, की या माणसानं जेवढं घालवायला हवं होतं तेवढंच घालवलं का?

तो माणूस भिंतीशी उभा होता. एलियट चेऊलकर, वेम्बलीचा, वय एकतीस. त्याचे वडील मनाशे मुंबईतले बेने इस्रायली, घरात मराठी बोलणारे, त्यामुळे पोराला मोडकंतोडकं का होईना मराठी येतं. जपानात एका गुरूकडे सहा वर्षं राहिला. शिक्षण दहा वर्षांचं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून सातव्या वर्षी सगळं टाकून परत आला, आणि अर्धवट शिकलेल्याला गुरू कागद देत नाही. म्हणजे या देशात त्याला उभं राहायला आमची यादी हाच एक आधार. संग्रहालयं आणि संग्राहक यादीबाहेरच्या माणसाला तलवारीची मूठसुद्धा धरू देत नाहीत. सकाळी स्टेशनवरून आणताना गाडीत तो मला म्हणाला होता, "आंटी, आज नाही झाला तर मी स्टोन्स विकणार. वेअरहाऊसमधला जॉब आहे, तो घेणार."

आणि खुर्च्यांवर तलवारीचे मालक बसले होते, हरीश सावंत आणि त्याची आई मधुमतीवहिनी. हरीश हाउन्सलोला राहतो, एअरपोर्टच्या कार्गोत आहे. त्याचे आजोबा मराठा पलटणीत हवालदार होते. बर्मात जपान्यांनी शस्त्रं ठेवली तेव्हा त्यांच्या साहेबानं खुशीनं त्यांना ही तलवार दिली. घराण्यात तेवढीच एक वस्तू.

ग्रेनव्हिलनी मान हलवली. मी रुमाल तोंडावर बांधला, कारण पात्यावर श्वाससुद्धा पडता कामा नये. तलवारीला वाकून नमस्कार केला आणि पातं उचलून बल्बच्या रोखानं धरलं.

काय सांगू, काम सुरेख होतं. पाठीपासून टोकापर्यंत गेलेला कणा सरळ, धारदार, कुठे गोल झालेला नाही. टोकाशी दोन उतार मिळतात ती आडवी रेघ सुरीनं कापल्यासारखी. पोलादाचे घडीवर घडी घातलेले थर सागवानाच्या रेषांसारखे दिसत होते, आणि धारेच्या कडेनं ती पांढुरकी लाट, जिला जपानी लोक हामोन म्हणतात, ती कुठे फुलत होती, कुठे मिटत होती. पोरानं तिच्यावर आपलं काही चढवलं नव्हतं. जे होतं तेच वर आणलं होतं. मला खरोखर आनंद झाला, दोन मिनिटं मी सगळं विसरले.

मग मी पातं हळूहळू ओढत मुठीपासून अकरा इंचांवर आणलं. बल्बचं प्रतिबिंब पात्यावरून सरळ घसरत येत होतं. त्या जागी ते वाकलं.

अकरा इंच हे मी मोजलं नव्हतं. मला ते एकवीस वर्षं पाठ होतं.

१९८६ साली हरीशचे वडील, शशिधर सावंत, आमच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर होते. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तलवार घेऊन लॅबमध्ये आले. चक्क बसनं आणली होती. आज कोणी आणली तर हातात बेड्या पडतील. "मॅडम, बघा तरी कसलं पोलाद आहे ते," म्हणाले. मी एकोणचाळीस वर्षांची. लॅबमध्ये एकटी बाई, एकटी देशी, आणि मला होऊन कोणी काही विचारायला येत नसे. मग काय, मी फुशारले. तलवारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण पोलाद कळत होतं. आणि पोलादवाल्यांच्या हाताला एकच सवय: एक चौकोन घासून गुळगुळीत करायचा, त्यावर आम्ल लावायचं, की आतलं दिसतं. मी एमरी पेपर घेतला आणि पात्याच्या मधोमध तर्जनीनं दाबून दाबून पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन घासला. मग कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटमधलं नायट्रिक लावलं. कडेची पांढरी लाट एकदम वर आली. शशिधर लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात भोंगा झाला. मी पातं नळाखाली धरलं, चिंधीनं पुसलं आणि दिलं. ना सोड्यानं आम्ल मारलं, ना तेल लावलं. हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

पाच-सहा वर्षांनी या तलवारींबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. ज्या पात्याला बोट लावत नाहीत, त्याला मी कानशीसारखं वागवलं होतं. शशिधर २००१ साली वारले. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. राहूनबिहून काही गेलं नव्हतं. माझी हिंमत झाली नव्हती.

आणि २००७च्या मार्चमध्ये हरीशचा फोन आला. "मावशी, बाबा नेहमी तुमचं नाव काढायचे. आजोबांची तलवार पार गंजलीय. कोणाकडे देऊ?" मी एका दमात एलियटचं नाव सांगितलं. मंडळात सगळे म्हणाले, अरुणानं पोराला संधी दिली. खरं म्हणजे मला माझा चौकोन पुसून हवा होता, आणि हा पोरगा फार प्रश्न विचारणार नाही हे मला ठाऊक होतं.

तो पुसला गेला नव्हता. त्याचे कोपरे गेले होते, कडा विरल्या होत्या. उरली होती एक उथळ, बोटाएवढी दबलेली जागा. मी पातं ग्रेनव्हिलच्या हातात दिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. वाटलं, सत्तरीचे डोळे आहेत, सुटेलही.

सुटतंय कसलं! ते अकरा इंचांवर आले आणि थांबले. मागे गेले, पुन्हा पुढे आले. एलियटनं भिंतीपासून पाठ काढली. शेवटी ग्रेनव्हिलनी तलवार खाली ठेवली, रुमाल सोडला आणि म्हणाले, "चेऊलकर, इकडे या. हे काय आहे?"

एलियट वाकला, पण त्यानं बघितल्यासारखं नुसतं केलं. त्याला ती जागा माझ्याइतकीच पाठ असणार. "ते आधीच होतं, डॉक्टर," तो इंग्रजीत म्हणाला. "गंजाच्या खाली. मला जेवढं वर आणता आलं तेवढं आणलं. त्यापुढे जायला भीती वाटली."

"पुरावा?"

"कामाआधीचे फोटो आहेत. पण त्यात नुसता गंज दिसतो."

"हं." ग्रेनव्हिल रागावले नाहीत, तेच जास्त वाईट. दात काढावा लागेल हे ज्या आवाजात सांगत असतील, त्या आवाजात ते म्हणाले, "हा अंगठ्याचा दाब आहे. चकती एका जागी जास्त वेळ फिरली. सहाव्या वर्षाला ही चूक होते, दहाव्या वर्षाला होत नाही. बाकी काम फार चांगलं आहे, म्हणून मला अधिक वाईट वाटतंय. अरुणा, तुझं काय मत?"

एलियटनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नखांत दगडाची काळी माती होती, धुऊनही न गेलेली. तो मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "माझा चूक नाही, आंटी."

आणि मंडळाच्या सभेत साध्या चहावरून भांडणारी मी म्हणाले, "मला पुन्हा एकदा बघू द्या."

पुन्हा बघण्यासारखं काय होतं? मी नुसता वेळ काढत होते. पातं हातात धरून मी त्या दबलेल्या जागेत माझी तर्जनी कशी बसेल तेवढंच बघत राहिले. बरोबर बसली असती.

हरीशला राहवेना. तो उठून उभा राहिला. "म्हणजे स्पॉइल केली ना त्यानं? मावशी, मी तुमच्या शब्दावर दिली होती. मला सात जणांनी सांगितलं, डायरेक्ट जपानला पाठव. मी म्हटलं, नाही, बाबांच्या मॅडम सांगतायत."

"थांब जरा हरीश," मी म्हणाले.

"काय झालं रे?" मधुमतीवहिनींनी विचारलं. त्यांना ग्रेनव्हिलचं इंग्रजी कळलं नव्हतं. हरीशनं तिरसटपणे दोन वाक्यांत सांगितलं. त्या काठी टेकत टेबलापाशी आल्या. "कुठंशी म्हणतात?"

हरीशनं पेनानं लांबूनच दाखवलं. वहिनींनी वाकून बघितलं आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"अगं बाई! तिथंच तर मी कुंकू लावत आले."

"काय?"

"खंडेनवमीला रे. हळदकुंकू ओलं करून बोटानं लावायचं, फूल वाहायचं. आधी मी मुठीलाच लावायचे. पण मग पात्यावर ही जागा दिसली. बाकी सगळं काळपट आणि ही एवढी चौकोनी, स्वच्छ, पूजेसाठीच केल्यासारखी. यांना विचारलं, इथं लावू का? लाव म्हणाले. वीसेक वर्षं झाली असतील. हे गेल्यापासून तर मी पुसलंसुद्धा नाही. वाटायचं, राहू दे तेवढंच."

हरीशनं ग्रेनव्हिलना त्यातलं कुंकवाचं तेवढं सांगितलं. चौकोनाचं त्याच्या लक्षातही आलं नसावं. मी मात्र हातातलं पातं पटकन खाली ठेवलं.

ग्रेनव्हिलचा चेहरा उजळला. "हळद? आणि चुना? आणि पाणी? वर्षानुवर्षं, त्याच जागी?" ते अक्षरशः खुर्चीतून उठले. "मग प्रश्नच मिटला. एवढा खोल गंज कोणाच्या बापाला काढता आला नसता. चेऊलकर, मी तुमची माफी मागतो. तुम्ही थांबलात तेच शहाणपण केलंत." त्यांनी फॉर्म ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले, "दोषाचं कारण: घरगुती पूजेत लावलेल्या पदार्थांमुळे खोल गंज. पॉलिश करणाऱ्याचा दोष नाही." खाली सही ठोकली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

बघता बघता सगळ्यांचं भलं झालं. पोरगा सुटला, यादीत आला. मी सुटले. ग्रेनव्हिलच्या मनाला कारण पटलं. खापर फुटलं ते एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या डोक्यावर, आणि तिनं आपण होऊन डोकं पुढे केलं होतं.

"आई, कितीदा सांगितलं असेल तुला, लोखंडाला ओलं लावू नकोस म्हणून!" हरीश चिडून म्हणाला. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या आणि उजव्या हाताचं बोट पदराला पुसत होत्या. पुसलेलं बोट पुन्हा पुसत होत्या. "मामंजींची वस्तू," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "अरुणाताई, मी हो माझ्या हातानं घालवली. देव म्हणून लावत होते."

मी पेन उचललं. मनात म्हटलं, आता तोंड उघडलं तर मी त्या तलवारीशी संबंध असलेली परीक्षक ठरते. मंडळाच्या नियमानं परीक्षा रद्द होते आणि एलियट पुन्हा लटकतो. त्याच्या भल्यासाठीच गप्प बसायला हवं. माझी लबाडीसुद्धा किती साळसूद! पोराच्या भविष्याचं पांघरूण घेऊन बसली होती. मी फॉर्मवर तारीख घातली.

"आजी," एलियट म्हणाला, "चौकोनी म्हणजे स्क्वेअर?"

वहिनींना कळेना. त्यानं हवेत बोटानं चार बाजू काढल्या. वहिनींनी मान हलवली आणि आपल्या तळहातावर तेवढाच चौकोन काढून दाखवला. "एवढा. अगदी नीट. कडा सरळ."

"कुंकूच्या आधी होता?"

"आधीच होता की. म्हणून तर तिथं लावलं."

एलियट तलवारीकडे बघत उभा राहिला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही, यासाठी मी त्या क्षणी देवाचे आभार मानले. मग तो ग्रेनव्हिलकडे वळला. "डॉक्टर, ते कारण लिहू नका. गंज सरळ कडांचा चौकोन करत नाही. तो कोणीतरी घासून केलाय. कुंकू त्याच्यानंतर आलं. गंज वाढला असेल त्यानं, पण खड्डा यांचा नाही."

ग्रेनव्हिलनी चष्मा काढला. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? हे कारण खोडलं तर माझ्यापुढे एकच उरतं. तुमचा अंगठा."

"कळतंय."

"कोणी घासला, कधी, काही सांगता येईल?"

"नाही."

"मग मी 'नाही' लिहीन. मला तसंच लिहावं लागेल."

"लिहा," एलियट म्हणाला. "पण आजींचं नाव काढा तिथून."

त्या पोरानं हातातलं सगळं घालवलं होतं, आणि वाचायला त्याला नुसतं गप्प बसणं पुरलं असतं. तेवढंच काम मी एकवीस वर्षं किती सहज केलं होतं! मला त्याचा भयंकर राग आला. मग तो राग खरा कोणावर आहे ते समजलं आणि मी पेन खाली ठेवलं.

"वहिनी," मी म्हणाले, "तो चौकोन मी केलाय."

मराठीत म्हणाले, कारण ते आधी त्यांना सांगायचं होतं. मग इंग्रजीत सगळं सांगितलं. शशिधर, लॅब, एमरी पेपर, आम्ल, नळाचं पाणी. मार्चमधला फोनही सांगितला. मध्येच माझा आवाज चढला, जणू कोणी मला अडवत होतं. कोणीही अडवत नव्हतं.

ग्रेनव्हिलनी एवढंच विचारलं, "आम्ल किती टक्के?"

"दोन."

"आणि आज तू परीक्षक म्हणून बसलीस." त्यांनी फॉर्म उचलला, मधोमध फाडला, दोन्ही तुकडे नीट घडी करून खिशात ठेवले. "आजची परीक्षा झालीच नाही असं समजा. चार आठवड्यांत मी लंडनहून दुसरा परीक्षक आणतो. तू हे सगळं लिहून सही करून द्यायचं, ते आधी वाचलं जाईल. चेऊलकर, तुम्हाला थांबावं लागेल, माझा नाइलाज आहे. पण माझं मत मी आजच लिहून ठेवतो, आणि ते बदलणार नाही." त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि खिडक्यांवरचं काळं कापड ओढून काढायला लागले. पांढुरका उजेड आत आला.

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं," हरीश म्हणाला.

"हो."

"ओके, मॅडम." मावशी संपली ती तिथंच.

एलियट पात्याला तेल लावत होता. कागदानं पुसून, नव्या कापडानं, एकाच दिशेनं. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता तरी हा ओरडेल. तो म्हणाला, "तेव्हा किती डीप होता, आंटी?"

"केसाएवढा. फार तर दोन केस. पुढचं गंजानं केलं असेल."

तो मान हलवत राहिला. "मला वाटला गंज आहे, तळ लागेल. म्हणून मी बाकी सगळा बाजू घासून त्याच्या लेव्हलला खाली आणला. इलेव्हन डेज. तळ आलाच नाही." त्यानं पातं उजेडात तिरकं धरलं. थर तिथं किंचित सुटे, सैल झालेले दिसत होते, म्हणजे वरचं चांगलं पोलाद संपत आलं होतं. मघाशी बल्बखाली मला ते दिसले नव्हते, किंवा मी बघितले नव्हते. "माणसानं केलेला आहे असा कळला असता, तर मी हात लावला नसता. तसाच ठेवला असता, छोटा. आता याला परत पॉलिश नाही होणार. हा लास्ट."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं पातं म्यानात सरकवलं, पिशवीची दोरी बांधली आणि तलवार दोन्ही हातांनी हरीशला दिली. हरीशनं ती घेतली आणि जरा घुटमळून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मधुमतीवहिनी अजून खुर्चीतच होत्या. मी त्यांच्यासमोर गेले. माफी कशी मागायची याची वाक्यं मी एव्हाना तयार केली होती. त्यांनी ती मला बोलू दिली नाहीत.

"अरुणाताई, एक विचारते. ह्यांना माहीत होतं? तुमच्या त्या औषधानं बिघडलं म्हणून?"

इथंसुद्धा मला 'नाही' म्हणून सुटता आलं असतं.

"दोन महिन्यांनी आले होते," मी म्हणाले. "म्हणाले, मॅडम, तुम्ही बघितलेल्या जागेवर गंजाचे ठिपके येतायत. मी म्हटलं, तुम्हीच नीट ठेवत नसाल. तेल लावत नसाल. एवढी मोलाची वस्तू अशी ठेवतात का, म्हणून झापलं त्यांना."

वहिनी सावकाश बोलायला लागल्या.

"दर रविवारी तेल लावत बसायचे. सकाळी, अंघोळ झाल्यावर, मांडीवर टॉवेल घेऊन. तासभर. पोरं हसायची. मला वाटायचं, हौस आहे. शेवटी हॉस्पिटलात न्यायच्या आधीच्या रविवारी हात थरथरत होता, तरी बसले. मी म्हटलं, राहू द्या हो आज. तर म्हणाले, नको, आधीच एकदा माझ्या हलगर्जीपणानं बिघडलीय."

"वहिनी..."

"त्यानंतर पंधरा वर्षं होते ते," त्या म्हणाल्या. "कधीही सांगता आलं असतं तुम्हाला."